ऑपरेशनच्या आदल्या रात्रीसाठी लव्हेंडर: बाटली घ्या, यंत्र राहू द्या

'शांत झोपेसाठी' असं छापलेल्या लव्हेंडरच्या वस्तू आता सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर दिसतात, ऑनलाइन तर त्यांचा ढीग आहे. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मुंबईचा भाचा नाहीतर पुण्याची सून यातलंच काहीतरी पार्सल करते. बहुतेकदा येतं ते यंत्र, म्हणजे पाण्यात तेल टाकून धुकं सोडणारा, रंगीत दिव्याचा डिफ्यूझर. या परीक्षणात पाच प्रकार घेतले आहेत: 10 मिलीची तेलाची बाटली, खिशातली इनहेलर कांडी, रोल-ऑन, उशीवर मारायचा स्प्रे आणि हा डिफ्यूझर. कसोटी साधी आहे. हर्निया असो, पित्ताशय असो की गुडघा, ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाची आदली रात्र आणि नंतरच्या तीन-चार रात्री यामुळे किती सुसह्य होतात, आणि ही वस्तू वॉर्डात चालते का?

या कसोटीवर पाचांत सरस ठरते ती बाटली, सोबत दोन इंच बाय दोन इंच गॉजचा, म्हणजे जखमेवर ठेवतात त्या जाळीदार कापडाचा, एक तुकडा. बाकीच्यांवर खर्च करण्याआधी पुढचं वाचा.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. ऑपरेशनपूर्वीच्या काळजीवर आणि नंतरच्या झोपेवर लव्हेंडरचा वास देऊन बरेच प्रयोग झाले आहेत. त्यातले पुष्कळ इराण आणि तुर्कस्तानात झाले, हृदयाच्या बायपासच्या रुग्णांवरही झाले. काळजी मोजायला 20 ते 80 गुणांची प्रश्नावली वापरतात, झोपेसाठी सकाळी रुग्णालाच रात्र कशी गेली ते विचारतात. अनेक प्रयोगांत वास घेतलेल्यांचे गुण बरे आले. पण रुग्णांची संख्या थोडी असते, आणि एक अडचण कुणालाच टाळता येत नाही: लव्हेंडर की साधं पाणी, हे नाकाला लगेच कळतं. ज्याला आपण 'औषध' हुंगतोय हे माहीत आहे, तो 'बरं वाटलं' म्हणण्याची शक्यता वाढतेच. शिवाय वास घ्यायला सांगितलं की माणूस आपोआप सावकाश, खोल श्वास घेतो, आणि त्याचाही गुण येतो. तेव्हा हा आधार आहे, औषध नव्हे. भूलतज्ज्ञाने आदल्या रात्रीसाठी गोळी लिहून दिली असेल तर ती घ्यायचीच. वास तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही.

तरी हे नुसतं मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखंही नाही. लव्हेंडरमधला लिनालूल हा घटक जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात उंदरांना हुंगवला, तेव्हा त्यांची भीती कमी झालेली दिसली. वासाची जाण नष्ट केलेल्या उंदरांमध्ये हा परिणाम दिसला नाही. हे काम 2018 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे गुण येतो तो नाकातल्या वासाच्या मज्जातंतूंमार्फत. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही, पण व्यवहारात उपयोगी पडणारी एक गोष्ट यातून निघते: ज्याला वास येत नाही त्याच्यावर पैसे घालू नका. नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन नाकात पट्टी भरलेली असेल, नाकातून नळी असेल, किंवा वय झाल्यामुळे वास कमी येत असेल, तर आधी कॉफीची पूड हुंगवून बघा. तीच कळली नाही तर लव्हेंडर काय कळणार.

आता खरेदी. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बाटलीवर नुसतं 'लव्हेंडर ऑइल' लिहिलेलं पुरेसं नाही. 'लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया' हे वनस्पतीचं नाव हवं. 'लॅव्हंडिन' किंवा 'इंटरमीडिया' असेल तर ती संकरित जात आहे. ती स्वस्त पडते, साबण-फिनाइलच्या वासाला ठीक. खऱ्या लव्हेंडरमध्ये कापूर जेमतेम अर्धा टक्का असतो, लॅव्हंडिनमध्ये त्याच्या कितीतरी पट. कापराने माणूस तरतरीत होतो, झोपाळत नाही. 'लव्हेंडर वापरलं आणि उलट जागच आली' ही तक्रार इथूनही उगम पावत असावी. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलेलं असेल तर तो रसायनांपासून बनवलेला अत्तरी वास, तो उदबत्तीवाल्यांसाठी सोडा.

किमतीवरूनही बरंच कळतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या परिसरात सरकारी अरोमा मिशनखाली लव्हेंडरची शेती वाढली आहे, आणि तिथल्या तेलाचा भाव लिटरला दहा हजार रुपयांच्या आसपास असल्याचं बातम्यांत येतं. म्हणजे 10 मिलीत नुसतं तेलच शंभर रुपयांचं झालं. त्यावर काचेची बाटली, चाचणी, वाहतूक, दुकानदाराचा नफा. मग शंभर रुपयांत 'शंभर टक्के शुद्ध' कसं परवडतं, हे विक्रेत्यालाच विचारा. चांगला विक्रेता बॅच नंबरसह जीसी-एमएस चाचणीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, कागद दाखवतो. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक मिळून निम्म्याहून जास्त दिसायला हवेत. घरी करता येईल अशी एक ढोबळ चाचणीही आहे. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल नाहीतर दुसरं जड तेल मिसळलेलं आहे. डाग राहिला नाही म्हणून तेल शुद्धच, असं मात्र समजू नका. रसायनांनी बनवलेला नकली वासही कागदावरून तसाच उडून जातो.

बाटली गडद तपकिरी काचेची आणि थेंब पाडणाऱ्या आतल्या बुचाची हवी. प्लॅस्टिकची घेऊ नका. रबरी फुग्याचा ड्रॉपर कायम लावून ठेवलेली बाटलीही नको, तेलाने रबर चिकट होतं. आपल्याकडच्या हवेत ही बाटली खिडकीत किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्याशेजारी ठेवली तर उन्हाने, उष्णतेने आणि हवा लागून तेल खराब होतं, आणि लिनालूलपासून त्वचेला पुरळ आणणारी द्रव्यं तयार होतात. झाकण घट्ट लावून कपाटात, अंधारात ठेवा. फोडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहा आणि वर्षभरात संपवा.

आता वापर. गॉजच्या तुकड्यावर दोन थेंब टाका, नाक चोंदलेलं असेल तर तीन. एक मिनिट हवेवर धरा, पहिला उग्रपणा जाऊ द्या. मग सेफ्टी पिनेने गाऊनच्या किंवा सदऱ्याच्या कॉलरला, नाकापासून साधारण वीतभर अंतरावर लावा. गॉजचा ओला भाग त्वचेला लागता कामा नये, म्हणून मागे कोरड्या गॉजची एक घडी ठेवा. पाठीवर किंवा उजव्या कुशीवर पडून चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. वीस मिनिटांनी गॉज काढून झाकणाच्या डबीत टाका. रात्रभर लावून ठेवण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटांत नाकाला वासाची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. मग माणूस आणखी थेंब टाकतो, आणि पहाटे डोकं धरून उठतो. या पद्धतीत चुकतं ते जवळपास नेहमी एवढंच: थेंब जास्त पडतात.

सुरुवात कधी करायची, यावर कुठल्याच खोक्यावर एक ओळ नसते, आणि खरी मेख इथे आहे. हॉस्पिटलात पहिल्यांदा बाटली फोडली तर तो वास रुग्णाच्या डोक्यात हॉस्पिटलचाच होऊन बसतो. ऑपरेशनच्या आधी निदान पाच-सात रात्री घरी, स्वतःच्या गादीवर, जेवणखाण आटोपल्यावर, फोन बाजूला ठेवून हा वास घ्यावा. पडवीतला गार वारा, ओळखीचं छत आणि हा वास यांची सांगड बसली, की वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली तोच वास घराची आठवण घेऊन येतो. ज्याला लव्हेंडर मुळात आवडतच नाही, त्याला कितीही रात्री हुंगवलं तरी सांगड वाईटच बसणार. 'साबणासारखा वास येतो' असं आजी म्हणाली की विषय संपला.

कोकणातल्या रुग्णाला आणखी एक फेरा असतो. मोठ्या ऑपरेशनसाठी अनेकांना घाट चढून जावं लागतं. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा घाट, कणकवली-देवगडकडून फोंडा नाहीतर करूळ, चिपळूणहून कराडला कुंभार्ली. गाडी लागते म्हणून कुणीतरी पर्समधली लव्हेंडरची कांडी पुढे करतं. हे कटाक्षाने टाळा. घाटात एकदा उलटी झाली आणि त्या वेळी हा वास नाकात असला, तर पुढे कित्येक दिवस नुसत्या वासानेच मळमळेल. आठवडाभर बसवलेली सांगड एका वळणावर मोडते. घाटासाठी आल्याचा तुकडा किंवा लिंबू ठेवा. लव्हेंडर गादीपुरतं.

हॉस्पिटलात पोचल्यावर आधी सिस्टरना विचारा. शेजारच्या खाटेवर दम्याचा रुग्ण असू शकतो, आणि वास पडद्यापलीकडे जातोच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अंगाला कुठलंही तेल, अत्तर, क्रीम लावू नका. तेलकट त्वचेवर ईसीजीचे पॅच आणि ड्रेसिंगची चिकटपट्टी नीट धरत नाही, आणि जंतुनाशकाने त्वचा साफ करायचं काम वाढतं. थिएटरमध्ये नेण्याआधी गॉज काढून नातेवाइकांकडे द्यायचा, कपड्यांसोबत आत जाऊ द्यायचा नाही. आणि ही गोष्ट ठळक लक्षात ठेवा: ऑक्सिजन चालू असताना मास्कवर, नळीवर किंवा चेहऱ्यावर तेल नको. काही प्रयोगांत मास्कला तेल लावून वास दिला गेला आहे, पण तो देखरेखीखाली. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ सहज पेट घेऊ शकतो. नातेवाइकांनी तो प्रयोग करू नये.

ऑपरेशननंतरची झोप बिघडते ती निव्वळ काळजीने नाही. टाके दुखतात, लघवीची नळी टोचते, रात्री-बेरात्री बीपी घ्यायला कुणीतरी येतं, शेजाऱ्याच्या मॉनिटरची टीं-टीं थांबत नाही. वेदनाशामक अफूजन्य औषधांनी झोपेतला स्वप्नांचा भाग दबतो आणि काही दिवसांनी उसळून येतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या रात्री भलतीसलती स्वप्नं पडली तर घाबरायचं कारण नाही. दुखणं दहापैकी सहा-सात असताना लव्हेंडर हुंगवणं म्हणजे गळत्या कौलाखाली उदबत्ती लावण्यासारखं आहे. आधी दुखण्याचं औषध मागा, मग इअरप्लग आणि डोळ्यांवर पट्टी, आणि त्यानंतर गॉज. इअरप्लगची जोडी तेलाच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते, आणि वॉर्डात निम्मं काम तीच करते. म्हाताऱ्या रुग्णाचा चष्मा आणि कानाचं यंत्र उशापाशी ठेवा. जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे कळलं तर गोंधळ कमी होतो.

मळमळ हा वेगळा विषय. भुलीनंतर मळमळत असेल तेव्हा लव्हेंडर काढूच नका, कारण तेच, घाटाचं. या बाबतीत अभ्यास झाला आहे तो पेपरमिंटवर आणि इंजेक्शनआधी पुसतात त्या स्पिरिटच्या स्वॅबवर. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात पेपरमिंटचा खास फरक दिसला नाही. स्पिरिटच्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या, स्वॅबने उलटीच्या औषधाची गरज कमी पडलेली दिसली, पण पुरावा कमकुवतच म्हटला आहे. स्वॅब नाकाखाली धरून तीन खोल श्वास, एवढाच हा उपाय. सिस्टरनी दिला तर घ्या, आपल्या मनाने नको, आणि ऑक्सिजन चालू असताना तर नकोच.

आता उरलेल्या चार वस्तू. कांडी वाईट नाही. आतल्या कापसाच्या वातीत दहा-पंधरा थेंब मावतात, झाकण घट्ट बसत असेल तर दोन-तीन आठवडे टिकते, शेजाऱ्याला वास जात नाही, म्हणून सामायिक वॉर्डात गॉजपेक्षाही सोयीची. रिकाम्या कांड्या मिळत असतील तर त्या घेऊन स्वतः भरा. तयार भरलेल्या कांडीत अनेकदा मेन्थॉल आणि कापूर असतो आणि लव्हेंडर नावापुरतं. सर्दीच्या कांडीला जांभळा कागद गुंडाळला की झोपेची कांडी होत नाही.

रोल-ऑनवर टक्केवारी लिहिलेली असेल तरच बघा. दोन टक्के म्हणजे 10 मिली तेलात साधारण चार थेंब, कारण एका मिलीत अंदाजे वीस थेंब येतात. हे घरी करायला काय लागतं? घाण्यावरचं खोबरेल आपल्याकडे आहेच. त्याचा स्वतःचा वास लव्हेंडरवर मात करतो आणि जानेवारीतल्या थंड पहाटे बाटलीतच गोठतं, एवढी दोन वैगुण्यं. तिळाचं तेल घेतलं की दुसरी अडचण जाते. कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज नाही आली तर मनगटावर. जखमेच्या आसपास, टाक्यांवर कधीच नाही.

स्प्रेमध्ये बहुधा पाणी, थोडं अल्कोहोल आणि वास एवढंच असतं. घरच्या उशीला ठीक. हॉस्पिटलच्या चादरीवर मारू नका, आणि मारण्याआधी बाटली हलवा, नाहीतर पहिल्या दाबाला नुसतं पाणी येतं.

डिफ्यूझरबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं: कोकणातल्या आजाऱ्याच्या खोलीसाठी ही चुकीची वस्तू आहे. हे यंत्र पाणी उकळत नाही, नुसत्या कंपनांनी त्याचं धुकं करतं. त्यामुळे टाकीतल्या पाण्यात जे असेल ते सगळं हवेत जातं: विहिरीच्या पाण्यातले क्षार, आणि टाकी दोन दिवस धुतली नाही तर आत बुळबुळीत थर धरून बसलेले जंतूही. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फुप्फुसात हे कशाला? त्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की गाद्यांना बुरशी येते, त्यात ही भर. वॉर्डात यंत्र बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत, आणि घरी ऐन पावसात वीज गेली की बंद. आधीच घेऊन बसला असाल तर 100 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात तीन थेंब, वीस मिनिटं, दार उघडं ठेवून. रोज टाकी ओतून कोरडी पुसा, आठवड्यातून एकदा पाण्यात व्हिनेगर घालून धुवा. तीन थेंबांसाठी एवढी उस्तवार करायची, तर गॉजने काय घोडं मारलंय?

यंत्राऐवजी धूप, उदबत्ती किंवा कापूरदाणी हा मार्गही नको. धुराने खोकला येतो, आणि पोटावर टाके असताना खोकणं म्हणजे काय ते ज्याला झालंय त्यालाच विचारा. भीमसेनी कापूर विद्युत दाणीत रात्रभर तापवायची टूम आली आहे. फिट येणाऱ्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या खोलीत तर तिला थाराच नको.

लव्हेंडरच का, आपले वास नाहीत का, हा प्रश्न रास्त आहे. पाण्याच्या माठात टाकतो तो वाळा शांत वासाचा आहे. त्याचं तेल इतकं दाट असतं की थेंब पाडायला बाटली हातात धरून ऊब द्यावी लागते. ऑपरेशनच्या रुग्णांवर त्याचा अभ्यास लव्हेंडरइतका झालेला नाही, पण वासाची सांगड बसवायची तर ज्याला वाळा आवडतो त्याने वाळा वापरायला हरकत कसली? मूठभर सुक्या मुळ्या सुती पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवल्या तरी चालतात. गवती चहाचं तेल मात्र त्वचेला झोंबतं, ते लावू नये. वेंगुर्ल्याकडच्या सुरंगीच्या किंवा बकुळीच्या वळेसराने, म्हणजे गजऱ्याने, आजीचं मन हॉस्पिटलातून घरी जाईल हे खरं, पण आयसीयूत ताजी फुलं नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. सामान्य वॉर्डात विचारून न्या.

कुणी लांब राहावं? दम्याचा रुग्ण, तीव्र वासाने अर्धशिशी उठणारा, आणि दोन वर्षांखालचं मूल. लहान बाळाच्या नाकाजवळ पेपरमिंट किंवा मेन्थॉल तर अजिबात नको, श्वास अडू शकतो. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारून. हृदयाची झडप बदललेले आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणारे रुग्ण सांधेदुखीसाठी गंधपुऱ्याचं तेल चोळतात. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट अंगात जिरतं आणि रक्त अधिक पातळ करतं, ते बंदच ठेवा आणि भूलतज्ज्ञाला सांगा. लव्हेंडरचं तेल पोटात घेऊ नये. जर्मनीत त्याची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल औषध म्हणून मिळते ती वेगळी वस्तू, या बाटलीतले थेंब दुधात टाकण्यासाठी नाहीत. उपाशी ठेवलेल्या रुग्णाला तर कशातच नाहीत.

घरी आल्यावर बाटलीत अर्ध्याहून जास्त तेल उरतंच. टाके काढून जखम पूर्ण सुकली की 10 मिली तिळाच्या तेलात चार थेंब घालून रात्री तळपाय चोळायला घ्या, आणि चोळल्यावर मोजे घाला. शेणाने सारवलेल्या किंवा गुळगुळीत लादीच्या घरात तेलकट पायाने रात्री मोरीकडे निघालेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस हमखास घसरतो.